आभाळ स्वच्छ, उतार भरलेला: सोलापूरच्या १४ जणांचा हिवाळी ट्रेक

माणसांची, ट्रेक नेणाऱ्या एजन्सीची आणि शिखराची नावं इथे दिलेली नाहीत. या प्रकरणात हिमस्खलनात कोणी गाडलं गेलं नाही, कोणाचा पाय मोडला नाही, आणि नेमकं म्हणूनच ते लिहून ठेवलं आहे. अपघात झाला की निर्णय चुकला होता हे सगळ्यांनाच दिसतं. काहीच घडलं नाही, तर घेतलेला निर्णय बरोबर होता की उगाच घाबरलो, यावर परतीच्या गाडीत भांडण होतं. इथेही झालं.

पार्श्वभूमी

सोलापुरातला हा एक हौशी गट. कार्यालय नाही, नोंदणी नाही, व्हॉट्सअॅपवर जमतात आणि पावसाळ्यात सह्याद्रीत जातात. सरावाला पार्क मैदानाच्या पायऱ्या आणि संभाजी तलावाच्या फेऱ्या. एका जानेवारीत उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, टोन्स खोऱ्यातलं सुमारे ३,८०० मीटर उंचीचं शिखर करायचं ठरलं. १४ जण, वय १९ ते ५८. बर्फावर आधी चाललेले दोघेच, तेही मे महिन्यात. गटप्रमुख म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक बाई. सगळे त्यांना ताई म्हणतात.

तारीख बर्फ बघून ठरली नाही, गड्ड्याची यात्रा (सोलापुरात संक्रांतीला भरणारी सिद्धेश्वराची यात्रा) बघून ठरली. गटातले दोघे नंदीध्वजाचे मानकरी, त्यामुळे संक्रांतीच्या आधी किंवा यात्रेत निघणं शक्यच नव्हतं. महिनाअखेरीला बँकेतल्या दोघांना परत हजर व्हायचं होतं. कर्नाटक एक्सप्रेसनं दिल्ली, तिथून रात्रीच्या बसनं देहरादून, पुढे जीपनं जवळजवळ अख्खा दिवस घालवून पायथ्याचं गाव सांक्री. रेल्वेच्या एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणजे १४ जणांची तीन तिकिटं. परतीची तिन्ही एकाच तारखेला निश्चित मिळत होती, म्हणून तीच तारीख धरली. हाताशी राखीव दिवस उरला एक.

सामान नीट बांधलेलं होतं: मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली चढवायचे दाते), गेटर्स (बुटात बर्फ जाऊ न देणारी पायपट्टी), काठ्या, तीन थरांचे कपडे. शेंगाचटणी आणि ज्वारीची कडक भाकरी होतीच. तिच्यात पाणी जवळजवळ नसतंच, त्यामुळे उणे दहात बाटलीतलं पाणी दगड होतं, पण भाकरी होती तशीच राहते. नव्हतं ते वेगळंच. फावडं एकच, तेही शौचाचा खड्डा खणायला. बर्फाखालच्या माणसाचा माग काढणारा ट्रान्सीव्हर एकाकडेही नाही, लांब सळईसारखा प्रोब नाही. एजन्सीच्या सामानाच्या यादीत या तीनपैकी एकही वस्तू नव्हती, आणि गटानंही विचारलं नाही.

बर्फाचा आधीचा इतिहास

डिसेंबरच्या मध्याला तिथे साधारण ३५ सेंटिमीटर बर्फ पडला होता. मग कित्येक आठवडे निरभ्र, कडक थंडी. पर्यटकाला हे हवामान उत्तम वाटतं. बर्फाच्या दृष्टीनं ते वाईट. जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास राहतो, वरचा पृष्ठभाग रात्री उणे १५ पर्यंत उतरतो. बसून बसून ३० सेंटिमीटर उरलेल्या थरात १५ अंशांचा फरक म्हणजे दर १० सेंटिमीटरला ५ अंश. दर १० सेंटिमीटरला १ अंशाच्या पुढे गेलं की खालून वाफ वर सरकू लागते आणि बर्फाचे कण एकमेकांना धरून राहण्याऐवजी सुटे, कोनदार, टपोरे होत जातात. थंडी जितकी जास्त आणि थर जितका पातळ, तितकं हे लवकर होतं. ‘थंडीत बर्फ घट्ट होतो’ ही समजूत इथे नेमकी उलटी पडते.

सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला उदाहरण लांबून आणायला नको. साखर कारखान्याच्या गोदामात सांडलेल्या साखरेवर लाकडी फळी ठेवा, जमीन तिरकी करा आणि फळीवर पाय द्या. साखर म्हणजे तो जुना कमजोर थर, फळी म्हणजे त्यावर बसलेला नवा बर्फ. या नव्या थराला जाणकार स्लॅब म्हणतात, आणि शब्द अगदी बरोबर आहे: घराच्या स्लॅबसारखाच तो अखंड असतो आणि तुटतो तेव्हा एका जागी तुटत नाही.

फळी आली गट सांक्रीत पोचला त्या दिवशी. पश्चिमी विक्षोभामुळे दोन दिवस बर्फ पडला. पहिला दिवस सांक्रीतच गेला, राखीव दिवस तिथे संपला. दुसऱ्या दिवशी पडत्या बर्फात गट जंगलातून वर निघाला. ३,४०० मीटरच्या तळापर्यंत नवा बर्फ ४५ सेंटिमीटर भरला होता आणि वारा नैर्ऋत्येकडून.

पहिला निर्णय: तंबू कुठे

तळाची नेहमीची जागा दोन भागांत होती. एक भाग खरसूच्या दाट झाडीत, थोडा तिरका, मुळांनी उंचसखल. दुसरा एका घळीच्या तोंडाशी, सपाट, मोकळा, शिखर समोर दिसेल असा. पुढे आलेल्या मदतनीसांनी तंबू सपाट जागेवर लावायला घेतले होते.

स्थानिक गाईडनं उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेतला अभ्यासक्रम केलेला होता. त्यानं ताईंना मोकळ्या जागेच्या कडेची झाडं दाखवली. घळीकडच्या बाजूच्या फांद्या जमिनीपासून दोन-अडीच मीटरपर्यंत मोडलेल्या, उताराखालच्या बाजूच्या शाबूत. मोकळ्या जागेत झाडंही होती, पण सगळी मनगटाएवढी, वाकलेली, एकाच वयाची. ती जागा सपाट आणि मोकळी होती, कारण वरून येणारा बर्फ दर काही वर्षांनी ती साफ करून जात होता.

तंबू झाडीत हलवले. चाळीस मिनिटं गेली, दोघांची कुरकुर झाली. माणसांचं लक्ष शिखराच्या उतारावर असतं, झोपायच्या जागेवर नसतं. २८ फेब्रुवारी २०२५ला बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांची वस्ती हिमस्खलनात गाडली गेली, ८ जण गेले. ४ एप्रिल २०२३ला सिक्कीममध्ये नथु लाच्या रस्त्यालगत ७ पर्यटक गेले. दोन्ही ठिकाणी कोणी शिखर चढत नव्हतं.

अडचण

तिसऱ्या दिवशी पहाटे आभाळ निळंशार, वारा पडलेला. चहाच्या वेळेपर्यंत सगळे बूट घालून तयार.

वाटेचा नकाशा असा होता. झाडी संपल्यावर एक रुंद डोंगरसोंड. अर्ध्या तासानं नेहमीची वाट सोंड सोडते आणि वाटीसारख्या एका उताराला आडवी कापत पलीकडच्या खांद्यावर जाते. हा ट्रॅव्हर्स साधारण ७० मीटर लांबीचा, तोंड ईशान्येकडे. वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे सोंडेवरचा बर्फ उचलून वाऱ्यानं नेमका याच वाटीत ओतलेला. वर सोंडेच्या काठाला बर्फाचा छज्जा बाहेर आलेला. वाटीखाली अरुंद घळ. अशा घळीत थोडाही बर्फ खोल साचतो.

उताराचा कोन गाईडनं दोन काठ्यांनी आणि ताईंनी मोबाइलच्या कोनमापकानं काढला: ३७ ते ३९ अंश. स्लॅबची बहुतेक स्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात आणि सर्वांत जास्त ३८च्या आसपास. सह्याद्रीत चढलेल्या डोळ्याला ३८ अंश काहीच वाटत नाहीत, तिथे आपण कातळटप्पे चढतो. पण तीव्र कड्यावर बर्फ साचतच नाही, थोडाथोडा गळत राहतो. डोळ्याला ‘सोपा’ दिसणारा उतारच बर्फ धरून ठेवतो.

त्या सकाळपर्यंत चार गोष्टी कळल्या होत्या. रात्री शौचाला गेलेल्या एका काकांच्या पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज होऊन आसपासचा बर्फ इंचभर खचला होता. काकांना वाटलं खड्डा असेल, त्यांनी सकाळी सहज सांगितलं. सोंडेच्या सुरुवातीला काठी रोवली की तिथून दोन मीटर लांब तडा पळत होता. शेजारच्या घळीत रात्रीत आलेला ताजा ढिगारा दिसत होता. आणि संरक्षण मंत्रालयाच्या डीजीआरई संस्थेच्या पत्रकात त्या जिल्ह्यासाठी ३,००० मीटरच्या वर हिमस्खलनाच्या धोक्याची पाचपैकी पातळी ३ होती.

या तीनचा गटातल्या काहींनी लावलेला अर्थ मासलेवाईक आहे: पाचपैकी तीन म्हणजे मधलंच की. पण ही गुणपत्रिका नव्हे. प्रत्येक पायरीला धोका आधीच्यापेक्षा कितीतरी वाढतो, आणि माणसं सर्वाधिक सापडतात ती तीनलाच, कारण चार-पाचला कोणी बाहेरच पडत नाही. शिवाय पत्रक जिल्ह्याचं असतं. समोरच्या वाटीबद्दल ते काही सांगत नाही.

मांडलेले पर्याय

गाईड, ताई आणि दोन वरिष्ठ असे चौघं बाजूला बसले. बाकीच्यांना नंतर सांगायचं ठरलं. ही एक चूक होती, तिच्याकडे पुढे येऊ.

पहिला पर्याय, एकेकानं अंतर ठेवून ट्रॅव्हर्स करायचा. एकाला चार मिनिटं धरली तरी १४ जणांना तासभर. अंतर ठेवल्यानं एका वेळी एकच जण सापडतो एवढंच, उतार तुटण्याची शक्यता तेवढीच राहते. दहा जण गेले म्हणून अकराव्याला उतार भक्कम असं होत नाही. कमजोर थर जिथे पृष्ठभागाच्या जवळ आहे तिथे एखाद्याचा पाय पडायचा अवकाश. आणि अपघातांतली बहुतेक स्खलनं सापडलेल्यांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनीच सुरू केलेली असतात.

मग कोणी गाडला गेला तर? पहिल्या १० ते १५ मिनिटांत काढलेल्यांपैकी दहातले नऊ जगतात, अर्ध्या तासानंतर दहातले तीनच्या आसपास. ट्रान्सीव्हर नसेल तर शोध म्हणजे काठ्या खुपसत फिरणं. सापडला तरी थांबलेला ढिगारा भुसभुशीत राहत नाही, सिमेंट आवळल्यासारखा होतो. घनमीटरला तीन-चारशे किलो. मीटरभर खाली असलेल्या माणसापर्यंत तिरका खड्डा काढायला असे दोन-तीन घनमीटर उपसावे लागतात, आणि हाताशी फावडं एक. बाहेरची मदत तासांनी येणार.

दुसरा पर्याय, दुसऱ्या दिवशी पहाटे चारला निघायचं, बर्फ गोठलेला असताना. हा मदतनीसांचा सल्ला होता आणि ऐकायला शहाणा वाटत होता. वसंतात, दिवसा वितळून रात्री गोठणाऱ्या ओल्या बर्फाला तो बरोबर लागू पडतो. जानेवारीतल्या कोरड्या स्लॅबला नाही. खालची साखर पहाटेही साखरच असते. अंधारात तडे मात्र दिसत नाहीत.

तिसरा, एक दिवस थांबायचं. नवा बर्फ २४ ते ४८ तासांत बराच बसतो, म्हणून हा पर्याय एरवी चांगला. इथे त्रास नव्या बर्फाचा नव्हता, खालच्या थराचा होता, आणि तसा थर आठवडेच्या आठवडे टिकतो. एक दिवस थांबून ट्रॅव्हर्स सुरक्षित झाला नसता. गाडी मात्र नक्की चुकली असती.

चौथा, वाटीत न उतरता सोंडेच्या धारेनंच वर जायचं. धार २० ते २७ अंशांची, वाऱ्यानं झाडून काढलेली, दगड उघडे. अडचण दोन ठिकाणी: वाऱ्याआडच्या काठाचा छज्जा, आणि वर गेल्यावर चारेक मीटरचा बर्फाळलेला कातळटप्पा. दोर होता तो २० मीटरचा, कमरेला बांधायचे हार्नेस नव्हते.

पाचवा, खाली परतायचं.

काय केलं

गाईडनं आधी तळाजवळ, तशाच तोंडाच्या पण सपाट जागेवर खड्डा खणला. वरचे ४० सेंटिमीटर वाऱ्यानं दाबलेले, बोट जोर लावून रुतेल असे. खालचे २५ सेंटिमीटर साखर. मूठभर घेऊन तिचा लाडू वळायला गेलं तर वळत नव्हता, बोटांच्या फटीतून गळत होता. मग ३० बाय ३० सेंटिमीटरचा खांब चारी बाजूंनी मोकळा करून त्यावर फावडं आडवं ठेवलं. दहा टिचक्या मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून असा क्रम. बाराव्या टिचकीला, म्हणजे कोपरातून दुसरीलाच, वरचा ठोकळा काडेपेटीच्या खणासारखा साफ बाहेर सरकला. असा खड्डा वाईट निघाला तर ते मान्य करायचं. चांगला निघाला तर मात्र त्यावर विसंबायचं नाही, कारण पाच मीटरवर चित्र वेगळं असू शकतं.

तरीही गटातल्या पोरांना पटेना. ठोकळा बघून कोणाला भीती वाटत नाही. तेव्हा गाईडनं स्वयंपाकाच्या तंबूमागचा चार-पाच मीटर उंचीचा एक बांध निवडला. तोंड ईशान्येला, उतार ३५ अंशांचा, खाली सपाट, कोणी उभं नाही. वरच्या सपाटीवर मागे उभं राहून त्यानं काठावर पाय जोरात आपटला. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा बांधाच्या पूर्ण रुंदीभर रेघ उमटली आणि अख्खा थर एकदम खाली बसला. मागे राहिलेली उभी भिंत गुडघ्याएवढी. खालच्या ढिगाऱ्यात १९ वर्षांच्या मुलानं काठी खुपसली, ती अर्ध्यातच अडली. त्या एका बांधानं जे पटवलं ते अर्ध्या तासाच्या बोलण्यानं पटलं नव्हतं.

चौथा पर्याय घ्यायचं ठरलं, पण शिखरासाठी नाही. धारेनं कातळटप्प्याच्या पायथ्यापर्यंत जायचं, साडेअकराला जिथे असू तिथून वळायचं. नऊ जण गेले, पाच तळावर थांबले. छज्जाच्या बाजूनं न जाता उघड्या दगडांवरून चालायचा नियम केला, कारण छज्जा तुटतो तो बाहेरच्या भागापुरता नाही, बऱ्याचदा मागे, पायाखालच्या भक्कम वाटणाऱ्या भागातून. सव्वाअकराला सुमारे ३,६२० मीटरवर कातळटप्पा आला. त्यावर पारदर्शक बर्फाचा थर होता. गट तिथून वळला.

परिणाम

गट उतरत असताना दुसऱ्या तळावरची सात जणांची तुकडी नेहमीच्या वाटेनं आली, ट्रॅव्हर्स करून पलीकडे गेली, शिखर गाठून दोनच्या सुमाराला परतही आली. वाटी जागची हलली नाही.

“ते गेले की बे, काय झालं त्यांना?” हे वाक्य सांक्रीपासून सोलापूर स्टेशनपर्यंत पुरलं. दोघांनी वर्गणीतले शिखराच्या दिवसाचे पैसे परत मागितले. उत्तर सोपं नाही. ते सात जण चुकले असं सिद्ध होत नाही, आणि गट बरोबर होता असंही होत नाही. दहा वेळा कापला तर आठ-नऊ वेळा न तुटणारा उतारही वाईटच असतो, पण कापणाऱ्याला आठ-नऊ वेळा तो आपल्या कौशल्याची पावती वाटतो. अनुभवी माणसंही यातून सुटत नाहीत: ४ ऑक्टोबर २०२२ला द्रौपदी का डांडा-२ शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणाची तुकडी सापडली आणि २९ जण गेले.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत महागात पडला तो सोलापुरात बसून घेतलेला निर्णय. परतीची तिन्ही तिकिटं एकाच तारखेला मिळाली म्हणून राखीव दिवस एक ठेवला. हा दिवस सांक्रीत संपल्यावर गट पडत्या बर्फात वर गेला, आणि ती चाल या प्रकरणातली खरी धोक्याची होती. वाटेत दोन घळी ओलांडल्या गेल्या, दृश्यमानता ३० मीटर, कोणीही वर बघितलं नाही. तिची चर्चा गटात आजवर कमी झाली आहे.

कोन घरी मोजता आला असता. १:५०,००० च्या नकाशावर समोच्च रेषा ४० मीटरच्या असतील, तर लगतच्या दोन रेषांमधलं अंतर १.४ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे उतार ३० अंशांच्या वर. साधी पट्टी पुरते. ट्रॅव्हर्सचा भाग तिथेच डोळ्यात भरला असता आणि ‘बर्फ जास्त असेल तर धारेनं, तेही टप्प्यापर्यंतच’ हे निघण्याआधी सगळ्यांच्या संमतीनं ठरलं असतं. ऐन सकाळी, बूट घातल्यावर, चौघांनी बाजूला बसून ठरवलं म्हणून उरलेल्या दहा जणांना तो निर्णय लादलेला वाटला. काकांचा ‘धप्प’ रात्रीच कळायला हवा होता. बर्फाचा सर्वांत स्पष्ट इशारा त्यांनी ऐकला होता, पण तो इशारा असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

बांधावर पाय आपटण्याबद्दलही एक सावधगिरी. तो प्रयोग खाली सपाटी, उंची माणसाच्या दुप्पट-तिप्पट आणि वर मोठा उतार जोडलेला नाही, अशाच जागी करायचा. मोठ्या उताराच्या पायथ्याशी केलेला हाच प्रयोग वरचा सगळा उतार अंगावर आणू शकतो.

पुढच्या जानेवारीसाठी गटानं परतीचं तिकीट दोन दिवस पुढचं काढायचं ठरवलं, आणि तीन ट्रान्सीव्हर, तीन प्रोब, तीन पत्र्याची फावडी भाड्यानं आणून भीमेच्या कोरड्या वाळूत सराव केला. एक ट्रान्सीव्हर सुरू ठेवून पिशवीसकट ६० सेंटिमीटर खोल पुरला. ही यंत्रं ४५७ किलोहर्ट्झवर चालतात आणि मोबाइल जवळ असला की भरकटतात. शोधताना तो अर्धा मीटर लांब ठेवायचा हे पहिल्याच वेळी विसरलं गेलं आणि बाण स्वतःच्याच खिशाभोवती फिरत राहिला. पहिल्या वेळी पिशवी हाताला लागेपर्यंत १९ मिनिटं लागली, चौथ्या वेळी ९. त्या ९ पैकी ६ खणण्यातच गेली, आणि वाळू बर्फाच्या ढिगाऱ्यापेक्षा सोपी. आता सामानाच्या यादीत प्रत्येकी एक फावडं आहे.